दप्तरातलं घराणं

वेरूळच्या भोसल्यांचा इतिहास शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. बाबाजी, त्यांचे मुलगे मालोजी आणि विठोजी, गावची पाटीलकी, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, सगळं क्रमानं सांगता येतं. पण त्याच वेरुळात, किंवा कन्नड, फुलंब्री, पैठणकडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या बाकीच्या घरांचं काय? पणजोबाच्या मागं नाव सांगता येत नाही, आम्हाला कसला आलाय इतिहास, असं तिथं ऐकू येतं. हे मानायचं कारण नाही. साध्या शेतकरी घराचाही इतिहास लिहिता येतो. त्याचा पुरावा तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे. फक्त तो सारावसुलीसाठी लिहिलेला असल्यानं त्यातून माणसं शोधून काढावी लागतात.

इंग्लंडच्या खेड्यातला शेतकरी आपलं घराणं तीन-चारशे वर्षं मागं नेऊ शकतो, कारण १५३८ साली तिथल्या चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम झाला. त्या वहीत जमीनदार आला, शेतमजूर आला, मुलीही आल्या. आपल्याकडं माणसाआधी जमीन नोंदली गेली. त्यामुळं मराठवाड्यात घराण्याचा माग बांधावरून काढावा लागतो. त्यातला पक्का टप्पा म्हणजे १९५४-५५ची खासरा पाहणी. जमीन कुणाची आणि कसतो कोण, हे त्या पत्रकात सर्व्हे नंबरानुसार सापडतं. त्याच्या मागं गेलं की निजामाच्या राजवटीतले उर्दू आणि मोडी कागद लागतात, साल फसली असतं. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९, एवढा हिशेब ठाऊक असला की वाट सुटत नाही.

खरा ऐवज फेरफारात आहे. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते: मृत्यूची तारीख, नावं, नाती. त्यातल्या एखाद्या मुलाच्या नावापाशी ‘अ.पा.क.’ दिसतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि लगेच पुढं आईचं नाव. बाप गेला तेव्हा पोरगं सज्ञान झालेलं नव्हतं आणि कागदोपत्री घराचा भार बाईवर आला, एवढी हकिगत त्या तीन अक्षरांत आहे. थोरल्यापुढं ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे धाकटे भाऊ होते, त्यांची नावं तेवढी सातबारावर चढली नाहीत. इतर हक्कांच्या रकान्यात तगाई, सोसायटीचा बोजा, विहीर. बारा नंबरात बाजरी, ज्वारी, कापूस, पुढं कुठं मोसंबी. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागेची ही पानं एकापुढं एक ठेवून वाचली, तर घर कशानं खचलं आणि कशावर सावरलं याचा अंदाज बांधता येतो.

तलाठ्यानं घरी बसून भरलेल्या कागदावर विसंबायचं कसं, ही शंका रास्त आहे. पीकपाहणीबाबत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. वारसाच्या फेरफाराचं तसं नाही. तो मंजूर होण्याआधी नोटीस निघते, हरकत घेता येते, आणि जमिनीच्या प्रश्नात भावकी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. म्हणून पिकापेक्षा मृत्यू आणि वारस यांच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवावा.

यापेक्षा जड आक्षेप असा, की ज्यांना जमीनच नव्हती त्यांचं काय. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते याच प्रश्नावर. सालगड्याचं घर सातबारात सापडणार नाही. गायरानाच्या अतिक्रमण नोंदी, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, कोतवालबुक तिथं धुंडाळावं लागेल. जायकवाडीत बुडालेल्या गावांच्या बाबतीत भूसंपादनाचे कागद आधी पाहावेत, कारण तिथं ओट्याची जागा दाखवायला गावच उरलेलं नाही.

२०२३पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळं मराठवाड्यात जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. शोध कुणबी नोंदीचा होता आणि दाखल्याची गरज खरी होती. पण तो एक शब्द सापडताच पान मिटलं जातं, आणि त्याच पानावरचे पणजोबा, त्यांचे भाऊ, विकलेला तुकडा तसेच मागं राहतात, याची मला खंत वाटते.

बायकांच्या बाबतीत मात्र कागद फार तोकडा पडतो. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करायला लावली, तरी हक्कसोडपत्रावर सही करून बहिणी आजही खात्याबाहेर जातात. आजीचं माहेर कुठलं, लग्नात बदलण्याआधीचं तिचं नाव काय, ती किती बाळंतपणांतून गेली आणि किती लेकरं जगली, हे कुठल्याच गाव नमुन्यात नाही. वंशावळीचा कागद घेऊन आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी बसावं. तहसील पुढच्या महिन्यातही उघडी असेल.