एका जुन्या गोळीचे नवे गुण

रहिमतपुरासारख्या लहान गांवींही आतां मेटफॉर्मिनची गोळी पुष्कळ घरांच्या फडताळांत सांपडते. आमच्या घरीं ती माझ्यासाठीं गेलीं बारा वर्षें येत आहे. परवां पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, या गोळीनें आयुष्य वाढतें म्हणे. मग मधुमेह नसला तरी घरांतील साऱ्यांनींच ती कां घेऊं नये?" प्रश्न अनेक घरांतून उठत असेल, म्हणून त्याचा विचार येथें मांडतों.

युरोपांतील गालेगा नांवाच्या रानवनस्पतींत साखर उतरविणारें द्रव्य असतें. त्याच जातीचें मेटफॉर्मिन १९२२ मध्यें डब्लिन येथें प्रथम तयार झालें, आणि १९५७ मध्यें पॅरिसचे डॉ. झां स्टर्न यांनीं मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. यकृत रक्तांत जी साखर सोडतें, तिला ही गोळी मुख्यतः आळा घालते.

पुढें तिचे इतरही उपयोग दिसूं लागले. स्त्रियांच्या बीजकोशांच्या विकारांत पाळी नियमित होण्यास डॉक्टर ती देतात. कोविडच्या आरंभींच ती दिल्यास, मागाहून रेंगाळणारीं दुखणीं शेंकडा ४१ नें कमी होतात, असें स्थूल व्यक्तींवरील अमेरिकन प्रयोगांत २०२३ मध्यें आढळलें. परंतु प्रत्येक आशा खरी ठरली नाहीं. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेनें ३२२ क्षयरोग्यांवर प्रयोग केला. फुप्फुसांतील दाह उतरला, पण थुंकींतील जंतु कांहीं लौकर गेले नाहींत. स्तनांच्या कर्करोगाच्या ३६४९ रुग्णांवर तिचा प्रयोग झाला. २०२२ मधील निष्कर्षांत लाभ दिसला नाहीं. निरोगी माणसाचें आयुष्य तिनें वाढतें, हें तर अद्याप सिद्धच झालेलें नाहीं.

शाकाहारी घरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यानें ब-१२ जीवनसत्त्व आंतड्यांतून नीट शोषलें जात नाहीं; आणि आपल्या आहारांत तें दूधदुभत्यावांचून फारसें मिळत नाहीं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं जवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास चालविला; त्यांत सुमारें दोन तृतीयांश मातांच्या रक्तांत तें कमी आढळलें. म्हणजे मुळांतच जें तोकडें, त्याला गोळी आणखी कात्री लावते. माझ्या पायांना दोन वर्षें मुंग्या येत होत्या. वार्धक्याचें लक्षण म्हणून मीं तिकडे दुर्लक्ष केलें. अखेर रक्त तपासलें तेव्हां खरें कारण कळलें, आणि इंजेक्शनांनीं पुष्कळ उतार पडला. मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांनीं तर डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून या गोळीस हात लावूं नये.

मग मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांनीं काय करावें? चेन्नई येथेंच अशा ५३१ जणांवर झालेल्या प्रयोगाचे आंकडे २००६ मध्यें प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत, कांहींच उपाय न केलेल्यांपैकीं शेंकडा ५५ जणांना मधुमेह जडला. गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण सुमारें ४०, आणि मिताहार व चालणें पाळणाऱ्यांत ३९ होतें. दोन्ही एकत्र करूनही अधिक लाभ झाला नाहीं. सुश्रुतानें प्रमेही माणसास शंभर योजनें चालण्यास सांगितलें, त्याचें मर्म येथें दिसतें.

हें सारें मीं पुतण्यास सांगितलें. माझी गोळी मी घेतच आहें, कारण मला ती डॉक्टरांनीं दिली आहे. इतरांनीं ती माझ्या डबींतून घेऊं नये. त्या सायंकाळीं आम्ही दोघे कमंडलु नदीच्या कांठानें तासभर चालून आलों. तें औषध मात्र घरांतील साऱ्यांनीं वांटून घेण्याजोगें आहे.