काठीच्या टोकाला काय हवं?

काठी सरळ उभी असताना सहसा घसरत नाही. ती घसरते टेकवताना आणि उचलताना, कारण त्या दोन्ही वेळी ती तिरकी असते. चालणारा माणूस काठी पुढे टाकतो, शरीर तिला ओलांडून जातं आणि काठी मागे कलते. अख्ख्या पावलात ती ताठ असते ती क्षणभर. बाजारातलं नेहमीचं रबरी टोक, सर्जिकलच्या दुकानात ज्याला बुश म्हणतात ते, मात्र तेवढ्या क्षणासाठीच बनवल्यासारखं सपाट असतं.

तिरकेपणाचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीत बसतो. भार काठीच्याच रेषेत जातो असं धरलं, तर २० अंश कललेली काठी टिकायला घर्षणांक किमान ०.३६ लागतो आणि ३० अंशांना ०.५८. यात वजनाचा संबंध नाही. कोन तोच असेल तर चाळीस किलोच्या आजींना आणि नव्वद किलोच्या तरुणाला सारखाच घर्षणांक हवा. कोरड्या सिमेंटवर चांगलं रबर तो सहसा देतं. ओल्या गुळगुळीत फरशीवर त्याचा भरवसा नाही.

असं का होतं? रबर दोन तऱ्हांनी पकड घेतं. एक तर ते पृष्ठभागाला अगदी जवळून बिलगतं आणि रेणूंच्या पातळीवर चिकटतं. दुसरं म्हणजे खरखरीत जमिनीच्या उंचसखलपणावर ते दबतं, पुन्हा फुगतं आणि त्यात खर्च होणारी ऊर्जा घसरणीला अडवते. मधे पाण्याचा थर आला की पहिली पकड सुटते. डांबरी रस्त्यावर दुसरी तरी शिल्लक राहते, पण चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर दबायला खरखरीतपणाच नसतो. म्हणून पावसाळ्यात रस्त्यापेक्षा सोसायटीचा पॅसेज, बँकेची पॉलिश केलेली पायरी आणि घरातलं बाथरूम काठीवाल्याला जास्त धोक्याचं. सार्वजनिक इमारतींत अशा फरश्या अजूनही हौसेने बसवल्या जातात, याची मला खरंच चीड येते.

आता टोकाकडे पाहू. चार सेंटिमीटर व्यासाच्या बुशचा तळ साडेबारा चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. काठी कलली की त्यातली कडेची चंद्रकोर तेवढी जमिनीला लागते. जिथे सर्वांत जास्त पकड हवी तिथेच रबर सर्वांत कमी टेकतं. यावरचा खरा उपाय टोकाच्या मानेत आहे. तळ आणि काठी यांच्यामध्ये लवचीक मान किंवा गोलाकार सांधा ठेवला, तर काठी कलते आणि तळ मात्र पूर्ण टेकून राहतो. कुबड्या घेऊन वळताना तळ जागेवर राहून नळी थोडी फिरू शकली, तर मनगटावरचा पीळही कमी होतो. अशी टोकं मिळतात, पण ती महाग असतात.

तळावरच्या खाचांकडेही लक्ष द्यायला हवं. नेहमीच्या बुशवर एकात एक वलयं असतात. ती थोडं पाणी पोटात घेतात, पण बंद असल्यामुळे त्यांना बाहेरची वाट नसते. कडेपर्यंत जाणाऱ्या खाचा जास्त उपयोगाच्या, कारण भार पडताच पाणी निघून जायला हवं आणि त्यासाठी सेकंदाचा काही भागच हाताशी असतो.

रबर मऊ ठेवलं तर पकड वाढते आणि झीजही वाढते. कार्बन ब्लॅक घातल्याने रबर टिकतं, पण फरशीवर काळे ओरखडे पडतात. टोक रुंद केलं तर वाळूत कमी रुततं, पण मग जड होतं. काठी वरून धरून झुलवायची असल्याने तळाशी वाढलेला प्रत्येक ग्रॅम खांद्याला सर्वांत जास्त जाणवतो. चार पायांची काठी उभं राहायला उत्तम, पण खडबडीत रस्त्यावर तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत. सगळ्यांना चालेल असं एकच टोक म्हणूनच निघत नाही.

या छोट्या भागासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ २४४१५ च्या २००९ मधल्या पहिल्या भागात टोकांचं घर्षण कसं तपासायचं ते दिलं आहे आणि २०११ मधल्या दुसऱ्या भागात कुबड्यांच्या टोकांचा टिकाऊपणा. आपल्याकडे कानपूरच्या अलिम्कोसारख्या सरकारी कारखान्यातून आणि केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून गरजूंना कुबड्या दिल्या जातात. अशा प्रत्येक वाटपात कुबड्यांच्या जोडीबरोबर सुटे बुशही द्यायलाच हवेत, कारण नळी वर्षानुवर्षं टिकते आणि रबर त्याच्या कितीतरी आधी झिजतं.

घरात कुणाची काठी किंवा वॉकर असेल तर आजच उलटा करून पाहा. खाचा पुसट झाल्या असतील, कडेला भेगा असतील, एक बाजू जास्त झिजली असेल किंवा आतल्या नळीची गोल खूण तळावर उमटली असेल, तर बुश बदला. नळीचा बाहेरचा व्यास मोजून दुकानात जा. १९, २२ आणि २५ मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत. सैल बुश कापडाची चिंधी कोंबून बसवू नका, मापाचाच घ्या.