पाटल : झाड, रंग, धान आणि घोडा

आजच्या व्याख्यानात आपण एकच शब्द घेणार आहोत : पाटल. रोजच्या मराठीत तो आता फारसा ऐकू येत नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात फिरलात, तर तो अक्षरशः पायाखाली येतो. एप्रिल-मेमध्ये वाटेवर घंटेच्या आकाराची, तांबूस-जांभळट, सुवासिक फुलं पडलेली दिसतात. वर पाहावं तर उंच झाड. हे पाडळ. कुणी त्याला पाडर म्हणतं. कालिदासाने ‘शाकुंतल’च्या सुरुवातीला उन्हाळ्याचं वर्णन करताना ज्या फुलांमुळे रानवारा सुगंधी झालेला दाखवला आहे, ती हीच फुलं.

पाटलचं पाडळ कसं झालं? संस्कृतातला दोन स्वरांमधला ‘ट’ बोलता बोलता ‘ड’ होतो आणि तसाच ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो. वट-वड, फल-फळ ही उदाहरणं आपल्याला ठाऊक आहेत. आणखी एक उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवा : घोटक-घोडा. घोडा थोड्या वेळाने पुन्हा येणार आहे.

आता ‘अमरकोश’ उघडू. अमरकोशात शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत, विषयवार लावले आहेत. म्हणून एकच शब्द वेगवेगळ्या घरांत सापडतो. वनौषधींच्या वर्गात ‘पाटला’ हे झाड आहे. रंगांची नावं येतात तिथे ‘पाटल’ म्हणजे पांढरट लाल. आणि वैश्यवर्गात, जिथे शेती आणि धान्यं आहेत, तिथे ‘पाटल’ हे लवकर पिकणाऱ्या भाताचं नाव आहे. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’त घोड्यांच्या रंगांची मोठी यादी दिली. तिथे पाटल रंगाच्या घोड्याला ‘वोरुखान’ असं वेगळं नावच आहे.

म्हणजे झाड, रंग, धान आणि घोडा. एका शब्दाचा एवढा पसारा कशाला, असं वाटेल. पण यात गोंधळ नाही, साखळी आहे. आधी झाड. झाडाच्या फुलावरून रंग. मग तो रंग जिथे जिथे दिसला, तिथे तिथे शब्द गेला. ‘महाभारता’च्या द्रोणपर्वात योद्ध्यांच्या घोड्यांची यादी आहे, तिच्यात ही साखळी उघडी दिसते. विराटाचे घोडे पाटलाच्या फुलांच्या रंगाचे आहेत, त्याच्या मुलाचे हळदीच्या रंगाचे, आणि नकुलाचा मुलगा शतानीक याचे शालवृक्षाच्या फुलांसारखे. तिथे फूल अजून शाबूत आहे. पुढे मधलं फूल गळतं आणि नुसता ‘पाटल घोडा’ उरतो.

हे आपणही रोज करतो. ‘गुलाबी थंडी’ म्हणताना गुलाब कुणाच्या डोळ्यांसमोर येतो? जांभळा, डाळिंबी, नारिंगी, बदामी हे सगळे एके काळचे फळा-फुलांचे शब्द. गंमत म्हणजे पाटल हा शब्द फिरून पुन्हा फुलावर आला, पण वेगळ्याच. आजच्या संस्कृत पाठ्यपुस्तकात ‘पाटल’ म्हणजे गुलाब. फुलावरून रंग, आणि रंगावरून दुसरं फूल.

धानाकडे वळू, कारण पूर्व विदर्भ हा धानाचा मुलूख आहे. इथला शेतकरी धानाचे दोन ढोबळ भाग करतो : हलका आणि भारी. हलका म्हणजे वजनाने हलका नव्हे, कमी दिवसांत येणारा. अमरकोशातला लवकर पिकणारा पाटल आजच्या बोलीत हलक्या धानात जाईल. लालसर तांदळाचे धान आपल्याकडे आहेतच, तेव्हा शब्द तिथेही रंगाच्या वाटेनेच पोचला असावा, असं मानायला जागा आहे.

नाव असं सरकणं ही फक्त जुन्या काळची गोष्ट नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्या राखल्या, वाढवल्या, त्यातून बारीक तांदळाचं नवं वाण तयार केलं. बाजारात त्याला नाव मिळालं ‘एचएमटी’, त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून. हा तांदूळ देशभर खाल्ला गेला. खोब्रागडे 2018 मध्ये गेले. तांदळाच्या नावात घड्याळ आहे, शेतकरी नाही. नाव कुठून कुठे गेलं हे कुणी लिहून ठेवलं नाही, तर माणूस असा बाहेर राहतो.

आता एक सावधगिरी. दिसायला सारखे शब्द नेहमीच नात्यातले नसतात. ‘पाटलाची घोडी’ म्हटलं तर ती तांबूस असेलच असं नाही, ती गावच्या पाटलाचीही असेल! पाटील हा शब्द ताम्रपटांतल्या ‘पट्टकील’वरून आला. हातातल्या पाटल्यांचंही या झाडाशी काही नातं नाही. उलट पाटलिपुत्र हे नाव मात्र परंपरेने याच झाडाशी जोडलेलं आहे. सातव्या शतकात आलेल्या युआन श्वांगने पाटलीवृक्षाशी लावलेल्या थट्टेच्या लग्नाची कथा नोंदवली आहे. तमिळनाडूत कडलूरजवळ तिरुप्पादिरिपुलियूर आहे. तिथल्या शिवाचं नाव पाटलीश्वर, आणि तमिळमध्ये या झाडाला म्हणतात पादिरी.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यातच किती भाषा आहेत बघा. उत्तरेला झाडीबोली आणि छत्तीसगढी, मध्ये गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, आणि चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली. सिरोंच्याचा तेलुगू माणूस याच झाडाला कलिगोट्टु म्हणेल. बंगाली आजीला ते पारूल म्हणून माहीत असेल, कारण तिच्या लहानपणच्या गोष्टीत चंपा नावाचे सात भाऊ आहेत आणि त्यांची बहीण पारूल. पारूल हाही पाटलच, फक्त वेगळ्या वाटेने आलेला.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. पण काही ठिकाणी यातल्या चुकीची किंमत मोजावी लागते.

पाडळाचं मूळ दशमुळांपैकी एक. बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ ही त्यातली पाच मोठी झाडं. आता दशमूळ घेणाऱ्याने ‘पाटल’ म्हणजे गुलाब असा अर्थ लावला, तर ती चूक कोणीही लगेच पकडेल. खरी अडचण अधिक बारीक आहे. जुन्या वैद्यकग्रंथांनीच दोन पाटला सांगितल्या आहेत, एक तांबड्या फुलाची आणि एक फिकट फुलाची. आपल्याकडेही दोन जवळची झाडं आहेत. एकाची फुलं तांबूस-जांभळी, पानं लवदार. दुसऱ्याची फुलं पिवळसर, पानं गुळगुळीत. दुसरं सह्याद्रीकडच्या लोकांना अधिक ओळखीचं. फूल नसताना नुसतं मूळ किंवा साल हातात आली, तर भले भले चुकतात.

मग शास्त्रीय नाव लिहिलं की झालं, असं आपण म्हणतो. पण इथेही तेच घडलं आहे! ‘स्टेरिओस्पर्मम चेलोनॉइड्स’ हे नाव जुन्या पुस्तकांत पिवळसर फुलाच्या झाडाला दिलेलं सापडतं. आज तेच नाव तांबूस फुलाच्या झाडाचं मानलं जातं, ज्याला आधी ‘सुआव्हेओलेन्स’ म्हणत. म्हणजे लॅटिन नावसुद्धा एका झाडावरून दुसऱ्यावर सरकलं.

हे महत्त्वाचं का? 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजावर हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. उद्या ग्रामसभा पाडळाची साल विकेल, किंवा मुळं खणू देणार नाही असं ठरवेल. कारण मोठी मुळं ओरबाडली की झाड जातं. तेव्हा कागदावर ‘पाटल’ लिहिलेलं असेल, गावात ‘पाडर’ म्हणत असतील आणि व्यापाऱ्याच्या यादीत तिसरंच लॅटिन नाव असेल, तर बंदी नेमक्या कोणत्या झाडावर आहे?

म्हणून नोंद करणाऱ्यांना आमचं सांगणं साधं आहे. एका नावावर थांबू नका. गावात बोलली जाणारी सगळी नावं लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या भाषेत बोललं जातं तेही लिहा. फुलाचा रंग लिहा, पानाला लव आहे की नाही ते लिहा, फुलायचा महिना लिहा. लॅटिन नाव लिहिलं तर ते कोणत्या पुस्तकातून घेतलं ते लिहा. आणि ज्या आजोबांनी किंवा आजीने झाड दाखवलं, त्यांची हरकत नसेल तर त्यांचं नावही लिहा. एचएमटीच्या वेळी जे राहून गेलं, ते इथे राहू नये.

पुढच्या व्याख्यानात पळस घेऊ. त्याची फुलं केशरी असतात, आणि संस्कृतात ‘पलाश’ या शब्दाचा एक अर्थ आहे हिरवा. ते कसं, याचा तोवर विचार करून ठेवा.