खोदकामाचा हिशेब तासांनीं कीं पाण्यानें ?

यावल तालुक्यांतील केळीच्या बागा विहिरींच्या पाण्यावर उभ्या आहेत आणि तें पाणी वर्षानुवर्षें खोल जात आहे. त्यावर एकच उपाय जिकडेतिकडे सांगण्यांत येतो. तो हा कीं, पोकलेन आणावें व नाल्याचें पोट फाडावें. खोदकाम मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कोठें खोदावें, किती खोदावें व हिशेब कोणास द्यावा, हें ठरविल्यावांचून केलेलें खोदकाम म्हणजे सार्वजनिक द्रव्याचा अपव्यय होय.

प्रथम जागेचा प्रश्न. महाराष्ट्राची बहुतेक भूमि काळ्या खडकाची. तापीचें हें खोरें मात्र गाळाचें. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा, ज्यास शास्त्रज्ञ 'बझाडा' म्हणतात, पाणी झपाट्यानें पितो. तापीकडे सरकावें तसे चिकणमातीचे थर आडवे येतात व वर सांचलेलें पाणी न मुरतां आटून जातें. एकाच तालुक्यांतील दोन प्रकृतींस एकच औषध देणाऱ्या वैद्यास शहाणा कोण म्हणेल ? शिरपुरास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनीं आधीं थरांची परीक्षा केली व मग यंत्र लाविलें. इतरत्र अनुकरण झालें तें बहुधा यंत्राचें, परीक्षेचें नव्हे.

खोलीचेंही तेंच. पाणी मुरविणारी वाळूच उपसून नेली, तर मुरणार कोठें ? आणि नाला भूजलाच्या पातळीखालीं गेला, तर शेजारच्या विहिरींचें पाणी उलट नाल्यांतच उतरतें.

आतां हिशेब. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें गरिबास कामाचा हक्क दिला. पण त्या मजुराचा खड्डा टेपानें मोजूनच मजुरी मिळे. भाड्याचें यंत्र मात्र तासांवर चालतें. २०१४ सालीं जलयुक्त शिवार अभियान सुरू झालें. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढविण्यांत त्यास फारसें यश आलें नाहीं, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनीं २०२० सालीं दिला. मजुराच्या फावड्यास जो न्याय, तो यंत्राच्या दातांस कां नसावा ?

आमची मागणी साधी आहे. कुदळ पडण्यापूर्वीं भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा लेखी अभिप्राय घ्यावा, मोजमाप-पुस्तक ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावें, आणि पावसाळ्याच्या आधीं व नंतर विहिरींची पातळी चावडीवर लावावी. माती किती निघाली हें कंत्राटदारास पुरेसें असेल. रयतेस पाणी किती चढलें हें कळलें पाहिजे.