नाव एकाचे, नाक दुसऱ्याचे

अत्तरदाणी आणि गुलाबदाणी फिरल्यावाचून आपल्याकडे लग्नाची बैठक पुरी होत नसे. मनगटाला लागलेले ते अत्तर काढले कोणी, हे मात्र कोणी विचारीत नसे. हिना, खस, मोगरा एवढे नाव पुरे होई. आता सुगंध माणसाच्या नावानेही विकला जातो, आणि ते नाव बहुधा नटाचे, नटीचे वा गायकाचे असते. मग ग्राहक नेमके काय विकत घेतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

एलिझाबेथ टेलर या नटीच्या नावाने अमेरिकेत 1987 साली ‘पॅशन’ आणि 1991 साली ‘व्हाइट डायमंड्स’ हे सुगंध निघाले. दुसऱ्याचा खप इतका झाला की इतरांनाही वाट सापडली. 2002 साली जेनिफर लोपेझ हिचा ‘ग्लो’ आला आणि अशा बाटल्यांची रीघच लागली. आपल्याकडे 1999 साली लता मंगेशकर यांच्या नावाचा ‘लता’ हा सुगंध बाजारात आला होता.

अशी बाटली तयार कशी होते? प्रथम एखादी कंपनी नाव वापरण्याचा हक्क करारान्वये घेते. मोबदला बहुधा विक्रीवरील मानधनाच्या रूपाने ठरतो. मग सुगंध कसा हवा, कोणासाठी हवा, किंमत किती, याचे टिपण सुगंधद्रव्ये बनविणाऱ्या कारखान्यांकडे जाते. तेथे जो कलावंत बसलेला असतो, त्याला त्या व्यवसायात ‘नाक’ म्हणतात. आपण त्याला गंधकार म्हणू. तो शेकडो द्रव्यांतून निवड करून मिश्रण रचतो. लिंबू-संत्र्याचा वास आधी येतो आणि थोड्याच वेळात उडतो. मग गुलाब-जाई काही तास दरवळतात. चंदन, कस्तुरीसारखे जड वास शेवटपर्यंत टिकतात. या तिन्हींचा मेळ घालण्यासाठी कितीतरी नमुने करावे आणि टाकून द्यावे लागतात. ज्याचे नाव लागायचे ती व्यक्ती नमुने हुंगून आपली आवड सांगते. कोणी त्यात मनापासून लक्ष घालतो, कोणी नुसता होकार देतो. पसंत पडलेला अर्क मद्यार्कात मिसळून काही आठवडे मुरवितात, गाळतात आणि बाटलीत भरतात.

‘व्हाइट डायमंड्स’ रचणाऱ्या गंधकाराचे नाव कार्लोस बेनाइम. टेलरबाईंना सारे जग ओळखते. बेनाइम यांना ओळखणारे त्या व्यवसायाबाहेर थोडेच!

हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. 1949 साली ‘महल’ चित्रपट आला, तेव्हा त्यातील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे! आवाज लताबाईंचा होता. पुढे पार्श्वगायकांच्या श्रेयासाठी आणि मानधनासाठी त्या झगडल्या. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाचा वेगळा विभाग 1959 साली सुरू झाला. 2012 साली लेखाधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तीत गायकाला आपले नाव नोंदवून घेण्याचा हक्क मिळाला. ज्या गायिकेचे नाव तबकडीवर नव्हते, तिचे नाव पन्नास वर्षांनी अत्तराच्या बाटलीवर आले. नावाची किंमत यापेक्षा स्पष्ट कशाने दिसावी?

गंधकार मात्र आजही बव्हंशी पार्श्वगायकाच्या त्या जुन्या जागी उभा आहे. 2006 च्या जूनमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सुगंध हे केवळ कसबाचे काम आहे, त्याला लेखाधिकार नाही. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलट निकाल दिला. म्हणजे सुगंध ही कला की कारागिरी, यावर न्यायाधीशांचेही एकमत नाही. तरी वाट निघू शकते. 2000 साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक माल यांनी गंधकारांची नावे बाटलीवर छापण्यास आरंभ केला, जसा प्रकाशक पुस्तकावर लेखकाचे नाव छापतो तसा.

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधी ज्या गावात आहेत, त्या अंबाजोगाईच्या श्रोत्यांना नाममुद्रेचे मोल सांगावयास नको. आपल्या संतकवींनी सारे देवाला वाहिले. तरी रचना कोणाची, हे पदाच्या अखेरीस सांगून ठेवले. त्यात अहंकार नव्हता, साक्ष होती. लोकप्रिय नावाने बाटली विकली जाते, यात वावगे काही नाही; नाव कमावण्यासही आयुष्य वेचावे लागते. पण ज्याच्या नाकाने तो गंध जुळविला, त्याची साक्ष एका ओळीने तरी त्या बाटलीवर असावी. एवढी जागा तिथे नक्कीच आहे.