सुपरमार्केट ते सुपर बोल : मधली पाच वर्षं

अमेरिकन फुटबॉलमधल्या कर्ट वॉर्नरची गोष्ट साधारण अशी सांगतात : रात्रपाळीत सुपरमार्केटच्या फळ्यांवर माल लावणारा एक तरुण, एक दिवस त्याचं नशीब फळफळतं आणि तो सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकतो. २०२१ मध्ये त्याच्यावर ‘अमेरिकन अंडरडॉग’ हा सिनेमाही आला. गोष्ट खोटी नाही, पण सांगता सांगता तिचा मधला भाग गळून पडतो आणि मग गैरसमज पसरतात.

पहिला गैरसमज म्हणजे वॉर्नर दुकानातून थेट एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात त्याला मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, म्हणून एकच हंगाम मिळाला, तोही शेवटच्या वर्षी. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, त्याला कुणी घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने सराव शिबिराला बोलावलं खरं; पण तिथे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर हे क्वार्टरबॅक आधीच होते. वॉर्नरला नारळ मिळाला. मग आयोवातल्या सीडर फॉल्समध्ये हाय-व्ही या दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर नोकरी.

पण तिथून पुढची वाट एनएफएलची नव्हती. १९९५ ते १९९७ ही तीन वर्षं तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरिना फुटबॉल खेळला. बंदिस्त स्टेडियममधला हा खेळ अनेकांना तमाशा वाटतो, आणि तोच दुसरा गैरसमज. मैदान ५० यार्डांचं, म्हणजे नेहमीच्या निम्मं. बाजूला गादी लावलेल्या भिंती, एका संघाचे आठच खेळाडू. जागा इतकी अपुरी की चेंडू हातात ठेवून विचार करत बसायची सोय नाही. बघायचं, ठरवायचं, फेकायचं. पुढे वॉर्नरच्या ज्या झटपट फेकीचं कौतुक झालं, ती याच कोंदट मैदानावर तयार झाली, असं माझं मत आहे. १९९८ मध्ये तो ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून युरोपातल्या लीगमध्येही खेळून आला.

त्याच वर्षी एनएफएलमधल्या सेंट लुइस रॅम्सने त्याला तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून ठेवलं. अख्ख्या हंगामात त्याने ११ पास फेकले. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँड ब्राउन्स हा नवा संघ उभा राहत होता. इतर संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू त्यांना उचलता येत होते. वॉर्नरला रॅम्सने राखलं नाही आणि ब्राउन्सने उचललं नाही!

ऑगस्टमध्ये सराव सामन्यात रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला. प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर रडले. आता वॉर्नरशिवाय इलाज नव्हता. तो तेव्हा २८ वर्षांचा. त्या हंगामात त्याने ४१ टचडाउन पास दिले. आधीच्या वर्षी १६ पैकी १२ सामने हरलेला हा संघ या वेळी १३ जिंकला. ३० जानेवारी २०००च्या सुपर बोलमध्ये वॉर्नरने ४१४ यार्डांचे पास टाकले आणि टेनेसी टायटन्सवर २३-१६ असा विजय मिळाला. अर्थात हे एकट्याचं काम नव्हतं. मार्शल फॉक, आयझॅक ब्रूस, टोरी होल्ट हे सहकारी आणि आक्रमणाची आखणी करणारे माइक मार्ट्झ यांना वगळून हा हंगाम सांगणं म्हणजे अर्धवट हिशेब.

‘एका वर्षाचा चमत्कार’ हा शिक्काही चुकीचा. त्या हंगामाप्रमाणेच २००१ मध्येही तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंतर हाताच्या दुखापतींनी घात केला. २००४ मध्ये रॅम्सने सोडलं, न्यूयॉर्क जायंट्समध्ये जागा नवख्या एली मॅनिंगकडे गेली. आता संपला, असं म्हणणाऱ्यांना तेव्हा चूक म्हणता आलं नसतं. पण ॲरिझोना कार्डिनल्सला त्यानेच फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांच्या पहिल्या सुपर बोलपर्यंत नेलं. पिट्सबर्ग स्टीलर्सकडून ते २७-२३ असे हरले. वॉर्नर तेव्हा ३७ वर्षांचा होता.

२०११ मध्ये अरिना फुटबॉलच्या आणि २०१७ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. या दोन्ही ठिकाणी खेळाडू म्हणून मान मिळवणारा तो एकमेव आहे.