खिडकीवाचून चालणारी आज्ञावली

शाळेच्या संगणकावरील हजेरी व निकाल यांची नक्कल रोज दुसऱ्या डिस्कवर व्हावी, म्हणून पुष्कळ ठिकाणी एक लहानशी बॅच फाइल करून ठेवतात. ती सुरू होताच पडद्यावर काळी खिडकी उघडते. संगणकाशी बसलेला विद्यार्थी ती निरुपयोगी समजून मिटवितो, आणि नक्कल अर्धवट राहते. कारण विंडोजमध्ये ही खिडकी मिटली की तिच्यात चाललेले कामही थांबते.

वास्तविक कामाला खिडकीची गरज नसते; ती पाहणाऱ्यासाठी असते. छपाईची रांग सांभाळणारी आज्ञावली पुष्कळ संगणकांत अशीच न दिसता राबत असते. युनिक्स परंपरेत अशा आज्ञावलीस ‘डीमन’ म्हणतात. १९६३ च्या सुमारास एम.आय.टी.तील संशोधकांनी हे नाव योजिले, ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने कल्पिलेल्या, रेणूंची निवड करीत बसणाऱ्या अदृश्य जीवावरून.

विंडोजमध्ये यासाठी ‘टास्क शेड्युलर’ आहे. त्यात बॅच फाइल व वेळ नोंदवून, वापरकर्त्याने लॉग ऑन केलेले असो वा नसो, काम चालवावे, हा पर्याय निवडावा. मग ते वेगळ्या सत्रात चालते व पडद्यावर काहीच उमटत नाही. (व्हीबीस्क्रिप्टने खिडकी लपविण्याची जुनी युक्ती आता नव्याने योजू नये, ती भाषा काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.)

खरी अडचण यापुढे सुरू होते. खिडकी गेली की तक्रार करावयाची जागाही जाते. फाइलीत ‘पॉज’ ही आज्ञा राहिली असेल, तर कळ दाबणारे कोणी नसल्याने काम तेथेच खोळंबते. डिस्क जोडलेली नसेल, तरी कोणास पत्ता लागत नाही. संगणक बिघडतो त्या दिवशीच कळते की सहामाहीचे गुण कोठेही शिल्लक नाहीत.

म्हणून अदृश्य आज्ञावलीस लिहावयास लावले पाहिजे. नकलेसाठी रोबोकॉपी वापरीत असल्यास त्या ओळीच्या शेवटी ‘>>’ हे चिन्ह व नोंदफाइलीचे नाव द्यावे. चिन्ह दुहेरीच हवे; एकेरी चिन्हाने आदल्या दिवसाची नोंद पुसली जाते. शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी ही नोंद वाचावी, आणि दुसऱ्या डिस्कवरील एखादी निकालपत्रिका प्रत्यक्ष उघडून त्यातील गुण मूळ पत्रिकेशी ताडून पाहावेत.